उताराची इशारा पातळी : पन्हाळ्याच्या रस्त्याचं प्रकरण

जुलैत पावसानं जोर धरला की कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आकडा ३९ कडे सरकायला लागला की चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची तयारी सुरू होते, शहरात नदीकाठचे दुकानदार माल माळ्यावर चढवतात, शिरोलीजवळ महामार्ग चालू राहील की नाही याचे अंदाज बांधले जातात. मोजपट्टीवरच्या एका आकड्यावर अख्खं शहर निर्णय घेतं.

हाच पाऊस पश्चिमेच्या डोंगरांवरही पडलेला असतो. तिथल्या उतारांबद्दल मात्र असा आकडा कुणाच्या तोंडी नसतो. उतार आतून किती भिजला, पाणी किती चढलं, माती तसूभर तरी सरकली का, हे बहुतेक वेळा रस्ता खचल्यावरच कळतं. या लेखात मी एकच उतार घेतला आहे, पन्हाळगडावर जाणाऱ्या मुख्य रस्त्याचा. या उतारात ऑप्टिकल फायबर पुरून त्यालाही इशारा पातळी देता येईल का, हा प्रश्न आहे. भूतंत्र अभियांत्रिकी, म्हणजे माती-खडकांवरच्या बांधकामाचं शास्त्र, शिकवणारा माणूस म्हणून माझं उत्तर 'येईल' असं आहे. त्याला अटी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक अटी यंत्राशी कमी आणि चर, माती आणि माणसं यांच्याशी जास्त निगडित आहेत.

घटना आणि जागा

२२ आणि २३ जुलै २०२१ ला सह्याद्रीच्या या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावमधली घरं गाडली गेली. कोल्हापुरात पंचगंगा ५६ फुटांच्या आसपास पोचली. त्याच पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता गडाच्या तोंडाशी खचला आणि गडावरची वाहनांची ये-जा थांबली.

पन्हाळा हे नुसतं पर्यटनस्थळ असतं तर गोष्ट वेगळी होती. गडावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, तालुक्याच्या कचेऱ्या आहेत, शाळा आहेत. गॅसची टाकी, दूध, बाळंतीण, तारखेला येणारे पक्षकार, सगळं याच रस्त्यानं वर-खाली होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत पन्हाळा आहे, त्यामुळे वाहनांचा ओघ वाढणारच आहे. रस्त्याबद्दलची चिंता आता फक्त पन्हाळकरांची राहिलेली नाही.

कोल्हापुराहून २० किलोमीटरवर, आजूबाजूच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच असा हा डोंगर. वाघबीळच्या फाट्यावरून रस्ता वळतो, बुधवार पेठेवरून चढतो आणि इंग्रजांनी १८४४ च्या बंडानंतर पाडलेल्या चार दरवाजाच्या जागेतून गडात शिरतो. माथ्यावर जांभा आहे. त्याखाली दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर आहेत आणि या दोहोंच्या मधे कुजलेल्या खडकाची मऊ, चिकण माती आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यात भेगा असतात, पाऊस तो पटकन पिऊन टाकतो. खालची चिकण माती मात्र पाणी तितक्या सहज सोडत नाही. मग ते पाणी दोन थरांच्या सांध्यावर साचतं आणि सांध्याच्या रेषेनं वाट काढत डोंगराच्या अंगातून बाहेर येतं. पावसाळ्यात उतारावर एकाच उंचीवर ओळीनं उमाळे फुटलेले दिसतात ते याच कारणानं.

अशा उतारावर रस्ता काढताना आतली बाजू कापतात आणि कापलेलं डबर बाहेरच्या बाजूला टाकून रुंदी मिळवतात. म्हणजे आतलं चाक मूळ जमिनीवर धावतं आणि दरीकडचं चाक भरावावर. वरून पाझरून आलेलं पाणी आतल्या गटारात पडलं तर ठीक. ते गटाराच्या खालून, डांबराच्या खालून भरावात शिरलं, तर भराव आतून जड होत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. घाटरस्त्यांवर दरीच्या कडेला डांबराला जी चंद्रकोरीसारखी भेग पडते, ती पहिली खूण समजली जाते. माझ्या मते ती शेवटच्या काही खुणांपैकी एक आहे. भेग दिसेपर्यंत उताराच्या आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

पाणी चढतं तेव्हा आत काय होतं

मातीची पकड चिकटपणावर आणि कणाकणांमधल्या घर्षणावर उभी असते. घर्षण वरच्या वजनावर ठरतं. कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या आणि त्या पाण्याला दाब आला की वरच्या वजनाचा काही भाग पाणीच उचलून धरतं. कण एकमेकांवर तितके दाबले जात नाहीत आणि घर्षण घटतं. कार्ल तेर्झागीनं १९२० च्या दशकात हे तत्त्व मांडलं आणि उताराचं प्रत्येक गणित आजही त्याच्यावरच चालतं. याच्या आधीचा टप्पाही महत्त्वाचा आहे. अर्धवट ओल्या मातीत पाण्याचे सूक्ष्म पापुद्रे कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. मुरमाचा उभा कापलेला कडा उन्हाळाभर टिकतो तो पुष्कळदा या ओढीवर. माती भिजत गेली की ओढ कमी होते. त्यानंतर पोकळ्या भरतात, आणि त्यानंतर दाब चढतो.

हा फरक किती मोठा असतो ते आकड्यांत बघू. हे आकडे पन्हाळ्याच्या मातीचे नाहीत, अशा मातीला साधारण शोभतील असे मी धरलेले आहेत. ३५ अंशांचा उतार, त्यावर २ मीटर जाडीचा मातीचा थर, घर्षणकोन ३२ अंश, चिकटपणा ६ किलोपास्कल. आत पाण्याचा दाब नसेल तर सुरक्षितता गुणांक १.२५ च्या आसपास येतो, म्हणजे उतार उभा राहतो. घसरणीच्या पातळीच्या वर १ मीटर पाणी चढलं की गुणांक १ वर येतो, म्हणजे उतार काठावर येतो. पूर्ण २ मीटर भरलं तर ०.७७, म्हणजे तो उभा राहूच शकत नाही. वरून बघणाऱ्याला तिन्ही वेळी तोच हिरवागार, ओला उतार दिसतो. सगळा निकाल त्या मधल्या १ मीटर पाण्यात लागतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की उताराची हालचाल मोजायच्या आधी ओल मोजा. हालचाल सुरू झाली की हातात तास उरतात, कधी मिनिटंच. ओल मात्र दिवसचे दिवस आधी सांगत असते.

नुसता पाऊस मोजून भागणार नाही का? जगभरच्या नोंदी गोळा करून नेल केन यांनी १९८० मध्ये यासाठी एक सूत्र मांडलं, आणि ते पुष्कळ वापरलं गेलं. ताशी मिलिमीटरमधली पावसाची तीव्रता १४.८२ गुणिले तासांचा उणे ०.३९ वा घात, या रेषेच्या वर पाऊस गेला की उथळ भूस्खलनाची शक्यता धरायची. २४ तासांसाठी हिशोब केला तर ताशी ४.३ मिलिमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे १०३ मिलिमीटर येतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पश्चिम भागात जुलैतला असा दिवस नवलाचा नसतो. या रेषेवर भोंगा लावला तर तो पावसाळाभर वाजत राहील आणि पंधरा दिवसांत कुणी त्याच्याकडे मान वळवूनही बघणार नाही. आमचे उतार या पावसाला सरावलेले आहेत. कोणता उतार आज भरत आला आहे हे त्या उतारालाच विचारावं लागतं.

फायबर हे कसं सांगतं

काचेचा तंतू, त्याच्या लेपासकट, पाव मिलिमीटर जाडीचा असतो. एका टोकाकडून लेसरचा क्षणिक झोत सोडला की वाटेतल्या प्रत्येक बिंदूवरून त्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे परततो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो, त्यामुळे जाऊन-येऊन दर मीटरमागे १० नॅनोसेकंद लागतात. परतलेला प्रकाश किती वेळानं आला यावरून तो कुठून आला हे यंत्राला कळतं, आणि तो कसा बदलून आला यावरून तिथं काय झालं हे कळतं.

परतणाऱ्या प्रकाशाचे आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत. एक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामातला. त्याच्या दोन घटकांच्या प्रमाणावरून त्या जागेचं तापमान मिळतं. दुसरा ब्रिलुआं विकिरणाचा. त्याची वारंवारता ११ गिगाहर्ट्झच्या आसपास सरकलेली असते, आणि तंतू ताणला गेला किंवा तापला की हे सरकणं बदलतं. लांबीत दशलक्षांश भागाचा ताण आला तर सुमारे ०.०५ मेगाहर्ट्झ, तापमान १ अंशानं बदललं तर सुमारे १ मेगाहर्ट्झ. म्हणजे १ अंशाची ऊब यंत्राला २० दशलक्षांश ताणाइतकी दिसते. एवढ्यासाठीच ताणाच्या केबलशेजारी तापमानाचा तंतू असलाच पाहिजे. तो नसेल तर दुपारचं ऊन आणि सरकणारा डोंगर यांतला फरक ओळखता येणार नाही.

ओल मोजायची युक्ती मला या सगळ्यात सर्वांत आवडते. केबलमध्ये तंतूबरोबर धातूचं आवरण किंवा तार असते. तिच्यातून थोडा वेळ वीज सोडून केबल तापवायची आणि तापमान किती चढतं ते मीटरमीटरवर बघायचं. ओली माती उष्णता लवकर वाहून नेते, त्यामुळे तिथं केबल कमी तापते. कोरड्या मातीत ती जास्त तापते. ओरेगॉनमधल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास ही पद्धत शेतजमिनीच्या ओलीसाठी नीट मांडली आणि नंतर ती धरणांच्या बंधाऱ्यांत, उतारांतही गेली.

ही पद्धत हाताळताना एक गोष्ट मुद्दाम करून बघावी. दोन पिंपांत जांभ्याची तीच माती भरायची, एकात कोरडी, दुसऱ्यात पाणी घालून मुरवलेली, आणि तापवायची केबल दोन्हींतून न्यायची. आलेखावर दोन पिंपं लगेच वेगळी ओळखू येतात, ओल्यातला चढ ठेंगणा आणि कोरड्यातला उंच. मग ओल्या पिंपात केबलखालची माती बोटानं किंचित उकरून पोकळी ठेवायची आणि वरून हलकेच झाकायचं. आता त्या वीतभर जागेत चढ पुन्हा उंच येतो, जणू तिथली माती कोरडी आहे. हवा उष्णता फारशी वाहून नेत नाही आणि यंत्राला तेवढंच कळतं. माझे विद्यार्थी हा आलेख बघून गप्प होतात, कारण त्याचा अर्थ सरळ आहे: चर बुजवणाऱ्या माणसानं धुम्मस नीट मारलं नाही तर कोटीच्या यंत्राला भिजलेला उतार कोरडा दिसेल. डोंगरावर हे पिंपाइतकं सोपं नसतं. दगड-गोट्यांच्या डबरात केबलभोवती आधी चाळलेली माती घालावी लागते, थराथरानं चोपावी लागते, आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत चर बसायला वेळ द्यावा लागतो.

या पद्धतीची दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. माती कोरडीकडून ओलीकडे जाते तेव्हा तिची उष्णतावाहकता झपाट्यानं वाढते, पण ती भरत आली की वाढ मंदावते. म्हणजे आपल्याला जिथं सर्वांत बारीक माप हवं, नेमकं तिथं हे माप बोथट होतं. आणि पूर्ण भरलेल्या मातीत दाब किती आहे, म्हणजे आपल्या गणितातलं ते १ मीटर पाणी, हे तर ते सांगूच शकत नाही. त्यासाठी छिद्रदाबमापकच हवा, बोअर घेऊन ठरावीक खोलीवर बसवलेला. फायबरच्या भरात दाबमापक वगळणारा आराखडा मी तरी मंजूर करणार नाही.

पन्हाळ्यासाठी मांडणी

ताणाची केबल रस्त्याच्या दरीकडच्या कडेनं, डांबराच्या बाहेर, भरावात न्यायची. खचण्याच्या भागाच्या अलीकडे-पलीकडे पक्क्या जमिनीत बरंच अंतर तिला पुढे नेलं पाहिजे, म्हणजे सरकणारा भाग आणि स्थिर भाग यांच्या दोन्ही सीमा ती ओलांडेल. माती सरकते तेव्हा केबलवर सर्वांत मोठा ताण या सीमांवरच येतो. तीच केबल आतल्या बाजूनं परत आणली की वेटोळं पूर्ण होतं. दोन्ही टोकांतून प्रकाश सोडणारी ब्रिलुआं पद्धत जास्त अचूक असते, पण तिला अखंड वेटोळं लागतं. केबल एका जागी तुटली की ती थांबते. म्हणून यंत्र असं निवडावं की वेळ पडली तर एका टोकावरूनही वाचता यावं, निदान तुटलेल्या जागेपर्यंत. ताण काही टक्क्यांवर गेला की काचेचा तंतू तुटतो. तो तुटणं हीसुद्धा मोठी बातमी असते, आणि कुठल्या मीटरवर तुटला हे लगेच कळतं.

केबल कोणती हाही प्रश्न आहे. गावोगावी ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटचं फायबर पोचलं आहे, तेच वापरू, असं सुचवणारे भेटतात. त्या केबलीत तंतू जेलीत मोकळा तरंगत ठेवलेला असतो, बाहेरचा ताण त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणूनच. आपल्याला नेमकं उलट हवं आहे. ताणासाठी तंतू आवरणाला घट्ट चिकटलेली केबल लागते, आणि ती मातीत घसरू नये म्हणून दर काही मीटरवर पकड-पट्ट्या लागतात. उथळ मातीत वरचं वजन कमी असतं, पट्ट्या नसतील तर माती सरकेल आणि केबल आपल्या जागी राहील. तापमानाच्या तंतूसाठी मात्र मोकळी केबल उत्तम.

तापवायची केबल दोन जागी हवी: वरच्या उतारावर जिथं उमाळे फुटतात त्या रेषेच्या अंगानं, आणि रस्त्याखालच्या भरावात. दोन्हीकडे ३०, ६० आणि १०० सेंटिमीटर अशा तीन खोल्यांवर. पाऊस सुरू झाल्यावर ओल आधी ३० वर दिसते, मग ६० वर, मग १०० वर. या तीन वेळांमधलं अंतर म्हणजे पाणी किती वेगानं उतरतं आहे त्याचं उत्तर. पहिल्या पावसात ते अंतर मोठं असतं, जुलैच्या मध्यात कमी होत जातं. एखाद्या रात्री १०० सेंटिमीटरची केबल ३० च्या आधी ओली झाली, तर पाणी वरून आलेलं नाही, आतून, सांध्यातून आलेलं आहे. हे वाक्य मी अधोरेखित करेन. पर्जन्यमापक काहीच सांगत नसताना उतार भरतो तो असा, आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी येणाऱ्या दरडीचं गूढ यातच असतं.

विजेचा हिशोब सोपा आहे. मीटरमागे १० वॉटनं १०० मीटर केबल तापवायला १ किलोवॉट लागतो. २ मिनिटांच्या एका वेळेला ३३ वॉट-तास, तासाला एकदा म्हटलं तर दिवसाला ८०० वॉट-तास. सौर पट्ट्या कागदावर सहज पुरतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळ्यावर आठवडाआठवडा धुकं हलत नाही आणि वीज जाते तीही त्याच दिवसांत. त्यामुळे महावितरणची जोडणी आणि तीन दिवस पुरेल इतकी बॅटरी, याला पर्याय दिसत नाही. कोरड्या दिवसांत तापवणं दिवसातून दोनदाच करून बॅटरी वाचवता येते.

परवानगीचं प्रकरण वेगळं आहे. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. संरक्षित वास्तूपासून १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, असा कायदा आहे. फूटभर रुंदीचा चर असला तरी आधी कागद करावा लागणार, आणि तटबंदीच्या जवळ यंत्रानं खोदाई नको, कुदळ-फावड्यानंच हवी. मला हे अडचण म्हणून दिसत नाही. हातानं खणलेला चर या कामाला तसाही बरा.

केबल स्वस्त आहे, महाग आहे ते वाचणारं यंत्र. ब्रिलुआं यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. मुन्नारला अमृता विद्यापीठानं आणि हिमाचलात आयआयटी मंडीनं बिंदूबिंदूवर बसवलेल्या संवेदकांची व्यवस्था चालवून दाखवली आहे, ती पुष्कळ स्वस्त पडते. मग फायबर कशाला? कारण बिंदूंच्या मधून गेलेली भेग बिंदूंना कळत नाही, आणि रस्त्याचा कोणता तुकडा खचेल हे आधी सांगता येत नाही. पण एका उतारासाठी एक यंत्र हा विचारच चुकीचा आहे. ही यंत्रं वीस-तीस किलोमीटर आणि त्याहूनही पुढपर्यंत वाचू शकतात. वापरात नसलेले दूरसंचार तंतू जोडून घेतले तर कोल्हापुरात ठेवलेलं यंत्र पन्हाळ्याचा उतार वाचेल, आणि प्रकाशाचा मार्ग बदलणारा खटका बसवला की तेच यंत्र आळीपाळीनं दुसरे उतारही वाचेल. अंतर वाढलं की बारकावा कमी होतो, जोडांमध्ये प्रकाश वाया जातो, हे मान्य करूनसुद्धा जिल्ह्याला परवडणारा मार्ग हाच.

पातळी ठरवायची कशी, आणि वाचायची कुणी

पहिल्या पावसाळ्यात भोंगा लावायचा नाही. त्या चार महिन्यांत उतार कसा भिजतो, कसा वाळतो, रोजच्या उन्हानं आणि एसटीच्या वजनानं केबल किती हलते, हे फक्त शिकायचं. जून ते सप्टेंबरचा एक पूर्ण फेरा बघितल्याशिवाय पातळी ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम.

दुसऱ्या पावसाळ्यापासून माझ्या मनात दोन पायऱ्या आहेत. १०० सेंटिमीटरवर माती भरत आली आणि दाबमापकात पाणी चढू लागलं की इशारा. जड वाहनं बंद, गटारं आणि मोऱ्या तपासायला माणूस, रुग्णवाहिका वर गडावर आणून ठेवायची. त्याच्यावर ताणाच्या केबलनं साथ दिली की धोका. इथं ताणाचा एकूण आकडा फारसा उपयोगी नाही. केबलच्या त्याच काही मीटरांत, शेजारचा भाग शांत असताना, तासामागून तास ताण वाढत असेल आणि वाढीचा वेगही वाढत असेल, तर रस्ता बंद. रात्री दोन वाजता असलं तरी बंद.

अडचण येते ती इथंच. रात्री दोन वाजता आलेख कोण बघणार? संगणकानं मोबाइलवर संदेश पाठवला तरी आडवी दांडी टाकायला हात लागतो, आणि तो हात कुणाचा हे पावसाळ्याआधी लेखी ठरलेलं असावं लागतं. नाक्यावर रात्रपाळीला दोन माणसं, त्यांना रस्ता बंद करायचा अधिकार, आणि बंद केल्यावर सकाळी जाब विचारला जाणार नाही याची हमी. वरिष्ठांना फोन लावून परवानगी घ्या अशी पद्धत ठेवली तर अतिवृष्टीच्या रात्री फोन लागणारच नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, १०७७ ला, कळवायचं ते दांडी टाकल्यानंतर.

आणि आकडा लोकांपुढे असावा. वाघबीळच्या फाट्यावर फलक लावा, रोज सकाळी उताराची पातळी लिहा, कोरड्या दिवशीसुद्धा. बंधाऱ्याच्या आकड्यावर कोल्हापूरचा विश्वास बसला तो पिढ्यान् पिढ्या रोज दिसल्यामुळे. संकटाच्या दिवशीच पहिल्यांदा उगवलेल्या आकड्याचं कुणी ऐकत नाही. बुधवार पेठेतल्या म्हाताऱ्यांना कोणता उमाळा कधी गढूळ होतो हे माहीत असतं, त्यांची नोंदही त्याच वहीत यायला हवी. स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ झाला तर आतली माती धुऊन निघते आहे असं समजायचं, आणि ही गोष्ट कुठल्याही केबलच्या आधी माणसाच्या डोळ्याला दिसते.

फायबरला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. वरच्या कड्यावरून सुटलेला जांभ्याचा धोंडा ओलीच्या आलेखात दिसत नाही. घुशी केबल कुरतडतात, म्हणून पोलादी आवरण हवं. एप्रिल-मेमध्ये वणवे लागतात. पुरलेली केबल वाचते, खांबावरून आणलेली जळते, म्हणून शेवटचा मीटरसुद्धा जमिनीखालून आणावा. जोडपेटीत पाणी गेलं की पूर्ण रेषा आंधळी होते. आणि कुठल्याही रस्त्याकडेच्या केबलचा सर्वांत मोठा शत्रू जेसीबी आहे. पाण्याच्या पाइपलाइनसाठी कुणी तरी चर मारतो आणि दोन वर्षांच्या नोंदी एका फावड्यात संपतात. रस्त्याच्या नकाशावर ही केबल पाइपलाइनइतक्याच ठळकपणे दाखवली जायला हवी.

सगळे पैसे एकदम मिळणार नाहीत हे धरून क्रम सांगतो. आधी दोन बोअर, त्यांत दाबमापक, आणि उतारावरच एक पर्जन्यमापक. याला फार खर्च नाही आणि यानं पहिल्या वर्षापासून उपयोग होतो. मग ओलीची केबल. ताण वाचणारं महाग यंत्र सगळ्यात शेवटी. ताणाची केबल मात्र या क्रमात बसत नाही, ती रस्त्याच्या कामाबरोबरच टाकावी लागते. पुढच्या वेळी भरावाचं किंवा संरक्षक भिंतीचं काम निघेल तेव्हा अंदाजपत्रकात एक बाब वाढवावी: भरावाच्या थरांमध्ये, रोलर फिरण्याआधी, घट्ट आवरणाची केबल अंथरणं आणि दोन्ही टोकं नाक्याजवळच्या पेटीत बंद करून ठेवणं. रोलरखाली चोपली गेलेली माती केबलला जी पकड देते ती नंतर खणलेल्या चरात कधीच मिळत नाही. यंत्र दोन वर्षांनी आलं तरी चालेल, पेटी उघडून टोकं जोडली की वाचन सुरू.